डाग आणि डागडुजी

मराठीत दात 'किडतो'. हरभऱ्यात भुंगा शिरावा तशी दातात कीड शिरते आणि आतून पोखरत जाते, असं चित्र या शब्दातच आहे. ही समजूत काही आपली एकट्याची नव्हे. बॅबिलोनच्या मातीच्या पाटीवर दातातल्या किड्याची गोष्ट आणि त्याला हुसकावण्याचा मंत्र कोरलेला सापडला आहे. युरोपातही शेकडो वर्षं लोक धुरी देऊन दातातला किडा 'बाहेर काढत' होते. १७२८ साली पिएर फोशार नावाच्या फ्रेंच दंतवैद्याने जाडजूड ग्रंथ लिहिला आणि त्यात सांगून टाकलं की बाबांनो, मला काही किडाबिडा दिसला नाही. त्याने बोट दाखवलं ते साखरेकडे. किडा गेला, पण शब्द राहिला. असो.

मग दात नक्की कशाने जातो? याचं पहिलं पटण्याजोगं उत्तर आलं १८९० साली, बर्लिनहून. विलोबी मिलर हा मूळचा अमेरिकन, क्षयाचे जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत काम केलेला. त्याने काढलेले दात घेतले, ते पाव आणि लाळेच्या मिश्रणात घालून उबेत ठेवले. काही दिवसांनी दात मऊ पडायला लागले. मग त्याने आधी लाळ तापवून त्यातले जंतू मारले आणि तोच प्रयोग परत केला. आता दातांना काही झालं नाही. म्हणजे तोंडातले जंतू आपल्या खाण्यातली साखर आणि पिठूळ पदार्थ खातात, आम्ल टाकतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. आजही पुस्तकात साधारण हेच शिकवतात.

मिलरच्या या प्रयोगात लाळ म्हणजे जंतूंची गाडी. तिच्याकडे कोणी कौतुकाने बघावं असं काही त्यात नव्हतं. ही लाळ लक्षात ठेवा, पुढे तिची पाळी येणार आहे.

आज सांगायची आहे ती फ्लोराइडची गोष्ट. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात एक प्रकार नेहमी घडतो. एखादा पॅच टाकला, बग गेला, सगळे खूश, सिस्टिम मस्त चालू. बग का गेला याचं कारण म्हणून कोणीतरी दोन ओळी लिहून ठेवतं आणि पुढची कित्येक वर्षं सगळे त्या दोन ओळी खऱ्या धरून चालतात. फ्लोराइडचं अगदी असंच झालं. उपाय लागू पडला, लाखो मुलांचे दात वाचले, पण तो का लागू पडतो याचं जे उत्तर सगळ्यांनी मानलं ते जवळजवळ चाळीस वर्षं भलतंच होतं. आणि त्या भलत्या उत्तरापायी जे गिळायची गरज नव्हती ते मुलांना गिळायला दिलं गेलं.

गोष्ट सुरू होते ती डागांपासून.

१९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण डेंटिस्ट शिक्षण संपवून कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावात आला. रॉकी पर्वताच्या पायथ्याचं गाव. तिथे त्याला दिसलं की गावातच जन्मलेल्या लोकांच्या दातांवर चॉकलेटी डाग आहेत, काहींचे तर सगळेच दात मचूळ तपकिरी. गावकऱ्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. कोणी म्हणे डुकराचं मांस फार खाल्ल्याने होतं, कोणी म्हणे दूध चांगलं नाही, कोणी म्हणे पाण्यात चुना जास्त. मॅकेने पुस्तकं धुंडाळली, कुठेही या डागांचा पत्ता नाही.

बरीच वर्षं एकट्याने डोकं खाजवल्यावर त्याने जी. व्ही. ब्लॅक यांना गाठलं. ब्लॅक म्हणजे अमेरिकन दंतवैद्यकातले भीष्माचार्य. त्यांना आधी विश्वासच बसेना की एवढी मोठी गोष्ट आजवर कोणी लिहून कशी ठेवली नाही. पण १९०९ साली ते स्वतः आले, पाहिलं आणि चाट पडले. गावात जन्मलेल्या मुलांपैकी जवळजवळ नव्वद टक्के मुलांच्या दातांवर डाग होते. दोघांनी मिळून अभ्यास सुरू केला आणि १९१५ साली ब्लॅक वारले तोपर्यंत दोन गोष्टी हाती लागल्या होत्या.

पहिली: हे डाग फक्त दात घडत असताना पडतात. मोठेपणी गावात राहायला आलेल्या माणसाचे दात स्वच्छ राहतात, मग तो तिथे कितीही वर्षं राहो. म्हणजे हिरडीखाली, जबड्याच्या आत दात तयार होत असताना काहीतरी शरीरात जातं आणि इनॅमल बिघडवतं.

दुसरी: हे कुरूप दात किडत नाहीत. निदान इतरांपेक्षा बरेच कमी किडतात.

या दोन वाक्यांत पुढचा सगळा गोंधळ भरलेला आहे, पण तिकडे वळण्याआधी डागांचा गुन्हेगार पकडू.

मॅकेला पाण्याचा संशय होता. १९२३ साली तो आयडाहो राज्यातल्या ओकली गावात गेला. तिथल्या आयाबापांचं म्हणणं, गावाने लांबच्या गरम झऱ्यावरून नळ आणल्यापासून मुलांच्या दातांवर डाग पडायला लागले. मॅकेने पाणी तपासून घेतलं, त्यात वावगं काही सापडेना. तरी त्याने सल्ला दिला की हा नळ बंद करा, दुसऱ्या झऱ्याचं पाणी घ्या. गावाने ऐकलं. काही वर्षांतच नव्याने येणारे दात पांढरेशुभ्र यायला लागले! पाण्यात काय आहे ते माहीत नाही, पण पाण्यातच आहे हे नक्की झालं.

मग आलं आर्कान्सा राज्यातलं बॉक्साइट. नावावरूनच कळेल, ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या खाणीचं गाव, अल्कोआ कंपनीने वसवलेलं. तिथेही डाग. मॅके आणि सरकारी आरोग्य खात्याचे ग्रोव्हर केम्फ तिथे जाऊन आले आणि त्यांचा अहवाल पोचला अल्कोआच्या मुख्य रसायनतज्ज्ञाकडे, एच. व्ही. चर्चिल यांच्याकडे. चर्चिलना वेगळीच काळजी होती. ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवलेलं अन्न विषारी असतं अशी आवई तेव्हा उठली होती, त्यात हे डाग ॲल्युमिनियमच्या नावावर चढले तर धंदाच बसायचा. म्हणून त्यांनी नेहमीच्या चाचण्या सोडून वर्णपटाने पाणी तपासायला लावलं. निकाल आला: फ्लोराइड, आणि तेही १३.७ पीपीएम. (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग. एका लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम असलं की १ पीपीएम.) पाण्यात फ्लोराइड एवढं असू शकतं हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, म्हणून आजवर कोणी शोधलंच नव्हतं. साल १९३१. त्याच वर्षी ॲरिझोनात मार्गारेट कॅमॅक स्मिथ आणि सहकाऱ्यांनीही उंदरांवर प्रयोग करून हेच सिद्ध केलं. म्हणजे मॅकेच्या पहिल्या शंकेपासून तीस वर्षं.

आता पुढचा प्रश्न: किती फ्लोराइड म्हणजे जास्त? हे काम ट्रेंडली डीन या सरकारी डेंटिस्टकडे आलं. त्यांचा सहकारी एलायस एल्वोव्ह याने पाण्यातलं फ्लोराइड ०.१ पीपीएमपर्यंत अचूक मोजायची पद्धत बसवली आणि डीन गावोगाव मुलांचे दात मोजत फिरले. निष्कर्ष निघाला की १ पीपीएमच्या आसपास फ्लोराइड असेल तर नजरेत भरणारे डाग जवळजवळ पडत नाहीत. पुढे त्यांनी २१ शहरांतल्या १२ ते १४ वर्षांच्या ७,२५७ मुलांचे दात तपासले. १९४२ साली चित्र स्पष्ट झालं: पाण्यात फ्लोराइड जास्त तिथे दात किडण्याचं प्रमाण कमी आणि १ पीपीएमला फायदा बहुतेक सगळा मिळून जातो.

मग कोणाच्याही डोक्यात येईल तेच आलं. जिथे नाही तिथे मुद्दाम घातलं तर? २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालायला सुरुवात केली. तुलनेसाठी शेजारचं मस्कीगन शहर. जवळजवळ ३०,००० शाळकरी मुलांवर लक्ष ठेवलं गेलं. अकरा वर्षांनी जाहीर झालं की फ्लोराइड सुरू झाल्यानंतर जन्मलेल्या मुलांत किडलेल्या दातांचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त घटलं आहे.

तर पॅच लागू पडला. आता त्या दोन ओळी कोणत्या लिहिल्या गेल्या ते बघा.

डाग कसे पडतात? फ्लोराइड गिळल्यामुळे, दात जबड्यात घडत असताना. मग कीड कशी थांबते? अर्थात त्याच वाटेने! फ्लोराइड पोटात जातं, रक्तातून घडत्या दातात जातं, इनॅमलच्या स्फटिकांत पक्कं बसतं आणि असा घट्ट दात आम्लाला जन्मभर दाद देत नाही. इनॅमल बनलेलं असतं हायड्रॉक्सिअपॅटाइट नावाच्या खनिजाचं, फ्लोराइड शिरलं की त्याचं फ्लुओरॅपॅटाइट होतं, आणि ते आम्लात कमी विरघळतं हे तर प्रयोगशाळेत दिसतच होतं. सगळं कसं चपखल बसलं. एकाच कारणाचे दोन परिणाम, एकाच मुलाच्या तोंडात दिसणारे. ते दोन्ही एकाच वेळी आणि एकाच रस्त्याने घडले असणार, हे कोणी निराळं तपासायचीही गरज वाटली नाही.

या उत्तरातून पुढचं पाऊल आपोआप निघालं. फ्लोराइड आतून काम करतं, म्हणजे ते पोटात गेलं पाहिजे, म्हणजे जिथे पाण्यात नाही तिथे मुलांना गोळ्या आणि थेंब द्या. अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ मुलांना ते वर्षानुवर्षं दिले गेले.

इकडे टूथपेस्टवाल्यांची वेगळी खटपट चालू होती. १९४० च्या दशकात पेस्टमध्ये सोडियम फ्लोराइड मिसळून पाहिलं गेलं आणि काही म्हणता काही फरक पडेना. कारण मजेशीर आहे. पेस्टमध्ये दात घासायला जी बारीक पूड असते ती तेव्हा बहुधा खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची, नाहीतर कॅल्शियम फॉस्फेटची असे. फ्लोराइडला कॅल्शियम भयंकर प्रिय. ट्यूबमध्येच दोघांचं लग्न लागून कॅल्शियम फ्लोराइडचा न विरघळणारा साका व्हायचा. दातापर्यंत पोचायला फ्लोराइड मोकळं उरायचंच नाही. घटकांच्या यादीत फ्लोराइड हजर, कामावर गैरहजर!

ही गाठ सोडवली इंडियाना विद्यापीठात. जोसेफ म्युलर, हॅरी डे आणि विल्यम नेबरगॉल या तिघांनी दोन बदल केले. सोडियमऐवजी कथलाचं, म्हणजे स्टॅनस फ्लोराइड घेतलं आणि घासायच्या पुडीसाठी कॅल्शियम पायरोफॉस्फेट भाजून अशा रूपात आणलं की ते फ्लोराइडला फारसं धरून ठेवत नाही. पैसा प्रॉक्टर अँड गँबल कंपनीचा. १९५५ साली काही शहरांत विकून पाहिली आणि १९५६ साली 'क्रेस्ट' देशभर बाजारात आली. १९६० साली अमेरिकन डेंटल असोसिएशनने ही पेस्ट खरोखर कीड रोखते असं मान्य केलं. एखाद्या टूथपेस्टला असा शिक्का मिळण्याची ही पहिलीच वेळ. खप असा उसळला की दोनेक वर्षांत क्रेस्ट अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेली.

पुढे १९६० च्या दशकातच दुसरा मार्ग निघाला, सोडियम मोनोफ्लुओरोफॉस्फेट. यात फ्लोरिन फॉस्फेटला घट्ट बांधलेलं असतं, त्यामुळे खडूच्या पेस्टमध्येही ते टिकतं. तोंडात गेल्यावर लाळेतली आणि दातावरच्या थरातली एन्झाइम्स ती गाठ सोडतात आणि फ्लोराइड मोकळं होतं. घरातली पांढरी पेस्ट उचलून मागची बारीक अक्षरं वाचा, हे लांबलचक नाव बऱ्याच ट्यूबवर सापडेल.

पण थांबा. इथेच जुन्या उत्तराला पहिला तडा जायला हवा होता. टूथपेस्ट आपण थुंकून टाकतो. ती लावतो हिरडीतून वर आलेल्या, पूर्ण घडून झालेल्या दाताला. तरी फायदा होतो. त्याहीआधी १९४० च्या दशकात शाळकरी मुलांच्या दातांना वरून फ्लोराइडचं पाणी लावून कीड चाळीसेक टक्के कमी झाल्याचं दिसलं होतं. मग गिळण्याचा संबंध काय? त्यावर म्हणे, वरून लावलेलं फ्लोराइडही इनॅमलमध्ये मुरत असणार. जुन्या समजुतीला ठिगळ लागलं, समजूत तशीच राहिली.

खरा धागा होता लाळेत, आणि तो फार आधीच कोणीतरी पकडला होता. १९१२ साली जोसेफ हेड याने दाखवलं होतं की आम्लाने मऊ पडलेलं इनॅमल लाळेत ठेवलं तर परत कडक होतं. फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९४० च्या दशकात रॉबर्ट स्टीफनने दातावरच्या प्लाकचा पीएच मोजला. साखरेचं पाणी तोंडात फिरवलं की काही मिनिटांतच पीएच धाडकन खाली येतो आणि मग अर्ध्या-पाऊण तासात हळूहळू पूर्वपदावर जातो. त्याला परत वर नेण्यात मोठा वाटा लाळेचा. मग १९६६ साली हॉलंडमधून बाकर डिर्क्स यांचा अभ्यास आला. त्यांनी ८ वर्षांच्या मुलांच्या दातांवरचे पांढरे चट्टे, म्हणजे किडीची पहिली पायरी, टिपून ठेवले आणि तीच मुलं १५ वर्षांची झाल्यावर परत पाहिली. ७२ चट्ट्यांपैकी फक्त ९ ठिकाणी खड्डा पडला होता. २६ तसेच होते. आणि ३७ चट्टे चक्क नाहीसे झाले होते!

किडायला लागलेला दात आपला आपण बरा होतो, हे वाचून पहिल्यांदा पटत नाही. पण हिशोब सरळ आहे. दात ही एकदा बांधली की संपली अशी दगडी भिंत नाही. तिथे रोज मोडतोड आणि रोज डागडुजी चालू असते. काही गोड खाल्लं, पीएच साडेपाचाच्या खाली गेला की इनॅमलमधून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटून बाहेर येतात. लाळ आम्ल धुऊन काढते, तिच्यातलं बायकार्बोनेट उरलेल्या आम्लाला मारतं, आणि लाळेत कॅल्शियम-फॉस्फेट मुळातच भरपूर असल्याने माल परत इनॅमलमध्ये बसतो. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ हेच काम करते. मोडतोड डागडुजीच्या पुढे गेली की खड्डा.

ज्यांची लाळ आटते त्यांना विचारा. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्या रुग्णांच्या लाळग्रंथी मार खातात आणि काही महिन्यांत धडधाकट दात भराभर किडू लागतात. दात तेच, खाणं जवळजवळ तेच, फक्त लाळ नाही. अशा रुग्णांना डॉक्टर रोज वरून लावायला फ्लोराइडचं जेल देतात ते यासाठीच.

आता या डागडुजीत फ्लोराइड काय करतं? ते गवंड्याचं काम सोपं करतं. लाळेत आणि प्लाकच्या ओलाव्यात थोडंसं जरी फ्लोराइड असलं तर आम्लाच्या हल्ल्यात ते स्फटिकांच्या पृष्ठभागाला चिकटून त्यांचं विरघळणं मंदावतं. पीएच परत चढायला लागला की कॅल्शियम-फॉस्फेटला ओढून आणून लवकर बसवतं, आणि हा नवा लेप पहिल्यापेक्षा चिवट असतो, साडेचारच्या आसपासच्या पीएचपर्यंत टिकाव धरणारा. यासाठी लागणारं प्रमाण अगदी किरकोळ, एका पीपीएमचाही काही भाग. पण ते त्या वेळी, त्या जागी हजर हवं. मुद्दा हा आहे.

याचा सगळ्यात झकास पुरावा दिला शार्क माशाने. (आपली कोकणातली मुशी याच जातकुळीतली.) शार्कच्या दातावरचं इनॅमल जवळजवळ शुद्ध फ्लुओरॅपॅटाइट असतं. म्हणजे माणसाने जन्मभर फ्लोराइड गिळलं तरी त्याच्या दातात जेवढं जाणार नाही तेवढं निसर्गाने तिथे भरून ठेवलेलं. जुनं उत्तर खरं असेल तर हा दात किडता कामा नये. १९८८ साली ओगार्ड आणि सहकाऱ्यांनी शार्कच्या इनॅमलचे तुकडे माणसाच्या तोंडात बसवले, त्यांवर प्लाक साचू दिला आणि नंतर काढून तपासले. शार्कच्या इनॅमलमधूनही खनिज गेलं होतं! माणसाच्या इनॅमलपेक्षा कमी, पण गेलं होतं. दातात कोंबलेलं फ्लोराइड त्याला पुरेसं वाचवू शकलं नाही.

त्याआधीच, १९८१ साली, डेन्मार्कच्या ओले फेयरस्कोव्ह आणि सहकाऱ्यांनी सगळे पुरावे मांडून म्हटलं होतं की फ्लोराइडचं मुख्य काम दात वर आल्यानंतर, तोंडात चालतं. हळूहळू बाकीच्यांना पटत गेलं. २००१ साली अमेरिकेच्या सीडीसीनेही आपल्या शिफारशींत तेच लिहिलं.

थोडक्यात काय, मॅके आणि ब्लॅकनी पाहिलेल्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्यांच्या वाटा वेगळ्या. डाग पडतो आतून, लहानपणी, गिळल्यामुळे. राखण होते बाहेरून, जन्मभर, लाळेतून. ग्रँड रॅपिड्सच्या पाण्याने फायदा झाला तोही मुख्यतः ते पाणी दिवसातून दहा वेळा दातांवरून वाहत होतं म्हणून.

हा नुसता पंडितांचा वाद नाही, आणि ते कळायला अमेरिकेत जायला नको. डीन तिकडे डाग मोजत होते त्याच काळात, १९३७ साली, शॉर्ट, मॅकरॉबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर भागाबद्दल लिहिलं. तिथल्या विहिरींत फ्लोराइड इतकं होतं की प्रश्न डागांवर थांबत नव्हता. ते हाडांत साचून माणसांच्या पाठी आणि माना ताठ होत होत्या, वाकता येईना, वळता येईना. ५ पीपीएमचं पाणी रोज दोन लिटर प्यायलं की १० मिलिग्रॅम फ्लोराइड पोटात जातं, तेही वर्षानुवर्षं. आपल्या यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्याचं हेच दुखणं आहे. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून असं पाणी निवळायची 'नलगोंडा' पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने १९७५ साली दिली, ती याच संकटापायी.

अशा गावात 'फ्लोराइड दाताला चांगलं' हे अर्धं वाक्य धोक्याचं आहे. आणि 'फ्लोराइड विष आहे, पेस्टही नको' हे दुसरं अर्धं वाक्य शहरातल्या लेकराचे दात घालवतं. कुठल्या वाटेने काय होतं हे कळलं की दोन्ही वाक्यं आपापल्या जागी बसतात. २०२५ साली अमेरिकेत युटा आणि फ्लोरिडा या राज्यांनी नळाच्या पाण्यात फ्लोराइड घालायला बंदी केली, तेव्हा दोन्ही बाजूंनी पुष्कळ धुरळा उडाला. तो वाद गिळण्याचा आहे. घासून थुंकण्याच्या पेस्टला तो लागू करायचं कारण नाही. पेस्टच्या बाजूने पुरावा भक्कम आहे: २००३ साली कॉक्रेनने ७० चाचण्यांतल्या ४२,३०० मुलांची आकडेमोड केली, तेव्हा फ्लोराइडच्या पेस्टने कीड सरासरी २४ टक्के कमी झालेली दिसली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत बसवलं.

आता तुमच्या-माझ्या बेसिनपाशी याचा अर्थ काय?

एक, राखुंडी, मीठ, बाभळीची काडी यांनी घासून दातावरचा थर निघतो, नाही असं नाही, पण लाळेत फ्लोराइड जात नाही. मिसरीचं तर नावच नको, ती तंबाखू आहे. दोन, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवायचं. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर नागमोडी पेस्ट त्यांना नको, कारण ती ती गिळतात आणि याच वयात पक्के दात आत घडत असतात. तीन, रात्री झोपायच्या आधीचं घासणं चुकवू नये. झोपेत लाळ अगदी कमी सुटते, म्हणजे मोडतोड थोपवणारं कोणी नसतं. पण त्याच कारणाने तोंडात राहिलेलं फ्लोराइडही लवकर धुतलं जात नाही.

आणि शेवटचं म्हणजे चूळ. खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायची आपली सवय फार चांगली, ती सोडू नका. पण पेस्टने घासून झाल्यावरही आपण तितक्याच उत्साहाने तांब्याभर पाण्याने चुळा भरतो, पार फेसाची चव जाईपर्यंत. एका वेळी तोंडात लाळ असते जेमतेम एक मिलिलीटर. तेवढ्या लाळेत विरघळलेलं फ्लोराइड तसंही तासा-दोन तासांत बरंचसं निघून जातं. तेवढा वेळ तरी त्याला राहू द्यावं. पेस्ट थुंकून टाकायची, ओठ पुसायचे आणि सरळ झोपायला जायचं. पहिले चार दिवस तोंड चिकट लागतं, मग सवय होते.